टपालाचा नकाशा

त्या काळी आमच्या कॉलेजात कुणी ‘नकाशा’ म्हटलं की भूगोलाचे प्राध्यापक मान वर करत नसत, मी करत असे. याला कारण बडे बाबू, आणि बडे बाबूंना कारण मी.

दोन हजार सालानंतरची पहिली चार-दोन वर्षं. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी संगणक कक्षाचा तांत्रिक सहायक होतो. कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. भिंतीला अजून मॅटिंगचा वास होता आणि कोपऱ्यात हवा गेलेले दोन फुटबॉल माझ्यासारखेच नेमणुकीची वाट पाहत पडलेले. मधोमध टेबलावर कॉलेजचा मेल सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की लोक काहीतरी कपाटाएवढं शोधत. मी एका पिवळ्या पडलेल्या संगणकाकडे बोट दाखवायचो, मग लोक माझ्याकडे दयेनं बघायचे.

त्या संगणकाला एक मॉडेम जोडलेला होता आणि मॉडेम होता प्राचार्यांच्या टेलिफोनच्या लायनीवर. दिवसातून ठरलेल्या वेळी तो आपला आपण नागपूरला फोन लावायचा, आमच्या नावानं तिथं साठलेलं ई-मेल घेऊन यायचा आणि आमचं तिकडं टाकायचा. नेमक्या त्या वेळी प्राचार्यांनी रिसीव्हर उचलला, की त्यांच्या कानात कुणीतरी पाखरं भाजल्यासारखा आवाज जायचा. ते शिपायाकडून निरोप पाठवायचे, ‘ओरडतोय तो तुमचा.’

आलेलं मेल कुणाच्या पेटीत टाकायचं हे सर्व्हरला सांगायला एक यादी लागते. डावीकडे पत्ता, उजवीकडे पेटी. एका ओळीत एक माणूस. पण साधी यादी वरून खाली वाचत बसायला सर्व्हरला सवड नसते. म्हणून एक आज्ञा टाइप करायची, पोस्टमॅप, आणि पुढे यादीचं नाव. मग ती आज्ञा त्या यादीवरून एक बांधीव फाइल तयार करते. आपल्या जंक्शनवर टपालाच्या डब्यात भिंतभर खण असतात ना, आणि सॉर्टर हात नुसता उचलला की बरोबर खणात जातो, तसं. यादी ही आपल्यासाठी, खण सर्व्हरसाठी. यादीत काही बदललं की पोस्टमॅप पुन्हा चालवायचा, नाहीतर सर्व्हर जुन्याच खणांत हात घालत राहतो.

हे सगळं मी एका बैठकीत उत्साहानं समजावलं. प्राचार्यांनी विचारलं, “म्हणजे थोडक्यात काय करता तुम्ही?” मी म्हणालो, “सर, मॅप बनवतो.” बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी लिहिलं : ‘टपालाचा नकाशा तयार करणे.’ आणि बडे बाबूंनी एकदा लिहिलेली गोष्ट फायलीत पुरी झाल्याशिवाय सुटत नसे.

“झाला काय गा नकाशा?” ते रोज दारातून विचारायचे.

“झाला, बडे बाबू.”

“मंग दाखव ना. कागदावर दे. फायलीले लागते.”

शेवटी एके दिवशी मी यादीच छापून हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, कागद लांब धरला आणि त्यांचा चेहरा पंगतीत मीठ वाढायचं राहिल्यासारखा झाला.

“हे काय होय?”

“नकाशा.”

“साहेबाचं नाव पह्यलं, बराबर. अन् त्याहीच्या खाली, त्याहीच्याच बरोबरीनं, लॅबचा परिचर? एकाच काठाले?”

“यादी आहे, बाबू. सगळे एका खाली एक.”

“यादीले बी मान असते, इंजिनेर. वरिष्ठता यादी पाह्य, हजेरीपट पाह्य, कुठी बी पाह्य. साहेब काठाले, बाकीचे थोडे आत. घे, थोडं आत घे.”

आता, एखाद्या शहाण्या माणसानं छापायच्या कागदात तेवढी जागा सोडली असती आणि मूळ यादीला हात लावला नसता. पण मी आळशी. पुन्हा छापायची वेळ आली तर पुन्हा कोण जागा सोडणार, म्हणून मी मूळ यादीतच बसलो. प्राचार्यांची ओळ काठाला ठेवली आणि बाकी प्रत्येक ओळीच्या आधी स्पेसबार दाबत गेलो. शाळेत परिच्छेदाला सोडायला शिकवलेली बोटभर जागा. प्राध्यापक आत, ग्रंथपाल आत, बडे बाबू आत. स्वतःचं नाव तर मी दोन बोटं आत घेतलं, विनय म्हणून. मग पोस्टमॅप चालवला.

या आज्ञेचा स्वभाव सांगायला हवा. काम झालं तर ती काहीही बोलत नाही. ‘झालं’ नाही, ‘ठीक’ नाही, पडद्यावर एक ओळ नाही. घरात नवीन सून आल्यावर पहिले काही दिवस जसं वाटतं, की गप्प आहे म्हणजे खुशीत आहे, तसं मला वाटलं. मी कागद बडे बाबूंना दिला. त्यांनी त्यावर शिक्का मारला. नकाशा मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पेटीत एक मेल आलं होतं. ते प्राचार्यांसाठी होतं. अमरावतीला डॉक्टर असलेल्या त्यांच्या मेव्हण्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. भाऊजी, रक्ताचा रिपोर्ट चांगला नाही, स्टेशनसमोरचे तर्री-पोहे आजपासून बंद, ताईला मी अजून काही बोललो नाही पण बोलावं लागेल.

मी ते दोनदा वाचलं. असलं मेल माझ्या पेटीत का यावं, हा प्रश्न संगणक कक्षाच्या तांत्रिक सहायकाला पडायला हवा होता. मला मात्र भरून आलं. साहेबांनी एवढ्या खासगी गोष्टीची प्रत मला पाठवली! म्हणजे आपल्याकडे ते कोणत्या नजरेनं बघतात! व्हरांड्यात ते भेटले तेव्हा मी आवाज खाली आणून म्हणालो, “सर, काळजी घ्या.”

“कसली?” ते म्हणाले.

वा, मी मनात म्हटलं, सगळ्यांसमोर बोलायचं नसणार. मी डोळ्यांनीच ‘कळलं’ म्हटलं आणि पुढे गेलो. त्या सकाळी ग्रंथपालानं त्यांना बिनसाखरेचा चहा पाठवला आणि बडे बाबूंनी साहेबांच्या टेबलावरची कचोरीची प्लेट गुपचूप परत कॅन्टीनला धाडली. हे मला नंतर कळलं. प्रत्येकाला वाटत होतं की साहेबांनी विश्वासात घेतलेला एकटा माणूस तो आपणच.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी वनस्पतिशास्त्राच्या मॅडम माझ्या दारात आल्या. तासिका तत्त्वावर शिकवायच्या. हिंगणीहून रोज एसटीनं यायच्या, वडिलांचं तिथं किराणा दुकान. बोरच्या जंगलकाठचं गवत गोळा करून त्यांनी कॉलेजातलं एक आख्खं कपाट भरलं होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत त्यांनी जागेसाठी अर्ज केला होता, मुलाखत देऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून रोज ‘आलं का काही?’ म्हणून डोकावायच्या. त्या दिवशी डोकावल्या नाहीत. सरळ आत आल्या.

“सर, मी या कॉलेजात आहे की नाही?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“त्या संस्थेतून फोन आला होता. बडे बाबूंनी घेतला. ते म्हणतात निवडपत्र मेलनं पाठवलं, ते परत आलं. त्यावर लिहिलंय, असा कुणी माणूस इथं नाही. त्यांनी बाबूंना विचारलं, खरंच अशी कुणी बाई तुमच्याकडे शिकवते ना, की अर्जात उगाच लिहिलंय?”

मागून बडे बाबू आलेच. “म्या सांगतलं त्याहीले, हाय म्हणून! माह्या डोळ्यापुढं हाय! पण थो म्हणे, फोनवरचं चालत नाई. अर्जात जो पत्ता लिवला, त्याच पत्त्यावरून होकार पाह्यजे. जेवणाच्या सुट्टीनंतर एक बार अजून धाडतो म्हणे. आताही वापस आलं तं पुढच्या नावाले धाडीन. आजच्या आज. त्याहीचं हापिस पाच वाजता बंद.”

तोंड मात्र माझं पुढेच. “काही नाही मॅडम, नागपूरच्या बाजूचा घोटाळा असेल,” असं म्हणून मी यादी उघडली. त्यांचं नाव होतं. पत्ता बरोबर, पेटी बरोबर, एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, “ह्या बघा, आहात तुम्ही.”

“मग ते नाही काऊन म्हणतात?” घाबरल्या की मॅडमच्या बोलण्यात हिंगणी यायची.

पोस्टमॅपला उलटा प्रश्नही विचारता येतो. एखादा पत्ता द्यायचा, ती बांधलेल्या फाइलीत शोधते आणि पेटी सांगते. मी मॅडमचा पत्ता विचारला. पडद्यावर काही नाही. पुन्हा विचारला. काही नाही. मग माझा स्वतःचा पत्ता विचारला.

मीही नव्हतो.

त्या क्षणी मी आयुष्यातलं एक बरं काम केलं. मॉडेममधून टेलिफोनची तार उपटली. कारण मॉडेम कुणाला विचारून फोन लावत नसे. त्याची वेळ झाली असती, त्यानं नागपूरला फोन लावला असता, तिथं आलेलं दुसरं पत्र उचललं असतं आणि आमच्या सर्व्हरनं पुन्हा तेवढ्याच इमानदारीनं सांगितलं असतं, अशी बाई इथं नाही. तार काढली की पत्र नागपुरात पडून राहील. राहील, पण किती वेळ? दुपारी भारनियमन होतं. लाइट गेली की ती संध्याकाळी, म्हणजे त्यांचं ऑफिस बंद झाल्यावर येणार. लाइट जायच्या आत मला चूक शोधायची होती, पत्र आणायचं होतं आणि मॅडमचा होकार पाठवायचा होता.

मी बांधीव फाइल पुसली, पोस्टमॅप चालवला, नवी फाइल झाली. विचारलं. नाही. यादीत मॅडमचं नाव पुसून पुन्हा टाइप केलं, पुन्हा बोटभर आत, जिथल्या तिथं. पोस्टमॅप. विचारलं. नाही. सर्व्हर बंद करून चालू केला. मॉनिटरवर एक चापटही मारून पाहिली, हे लिहायला नको होतं. प्राध्यापकांचे पत्ते एकेक विचारले, ग्रंथपालाचा विचारला, बडे बाबूंचा विचारला.

“मी हाव काय?” बडे बाबूंनी खांद्यावरून वाकून विचारलं.

“नाही.”

“तीस वर्षाच्या नौकरीत आज पह्यली बार गैरहजर,” ते म्हणाले आणि भिंतीला टेकले.

सगळ्यांचे पत्ते विचारले, पण प्राचार्यांचा विचारला नाही. साहेब आहेत की नाहीत असं विचारायचं धाडस त्या घाईतही झालं नाही. ते असणारच, असं गृहीत.

जेवणाची सुट्टी संपून गेली तरी मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या. एकदाच बोलल्या. “बाबांनी दुकानात सांगून टाकलंय सगळ्यांना. साखर घ्यायला आलेल्या माणसालाही सांगतात. त्यांना नाही म्हणून सांगायचं झालं तर मी घरी जाणारच नाही, बसमध्येच बसून राहीन.”

आणि लाइट गेली. वेळेच्या आधी.

पंखा थांबत आला आणि टेबलाखालून यूपीएसची टीं टीं सुरू झाली. त्या यूपीएसची बॅटरी म्हणजे वयोवृद्ध गृहस्थ. किती वेळ साथ देईल हे त्याचं त्यालाच माहीत. मॅडम उभ्या राहिल्या. बडे बाबूंनी उगाचच पंख्याचं बटन बंद-चालू करून पाहिलं.

“आता?” मॅडम म्हणाल्या.

मी ‘आता बघू’ म्हणणार एवढ्यात दारात साक्षात प्राचार्य उभे राहिले. चेहरा लाल.

“काय चालवलंय तुम्ही? अमरावतीहून माझ्या मेव्हण्याचा फोन होता. त्याला तुमच्या यंत्राकडून पत्रांचा गठ्ठा गेलाय. ग्रंथपाल इथं नाहीत. हेडक्लार्क इथं नाहीत. अमुक प्राध्यापक इथं नाहीत, परिचर इथं नाही. तो मला विचारतोय, भाऊजी, तुमच्या कॉलेजात कुणी उरलंय की नाही! अहो, त्यानं यांतल्या कुणालाच लिहिलेलं नाही! त्यानं मला एकट्याला लिहिलं!”

“पोह्यांचं का सर?” मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

“तुम्हाला कसं माहीत?” प्राचार्य हळूच म्हणाले.

“मला आलं ना ते मेल. मला वाटलं तुम्हीच पाठवलं… मला सकाळपासून हेच एक मेल आलंय. माझं म्हणून एकही नाही, तुमचंच फक्त.”

“मलाही आलं, सर,” मी म्हणालो.

“मले बी,” बडे बाबू जमिनीकडे बघत म्हणाले. “म्हणून थे कचोरी…”

प्राचार्यांकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून मी पडद्याकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच पोस्टमॅपला प्राचार्यांचा पत्ता विचारला. ती आज्ञा, जी सकाळपासून माझ्याशी एक अवाक्षर बोलली नव्हती, ती बोलायला लागली ती थांबेचना. प्राचार्यांच्या नावापुढे त्यांची पेटी, मग मॅडमचा पत्ता, मॅडमची पेटी, ग्रंथपाल, बडे बाबू, परिचर, मी, आख्खं कॉलेज पडदाभर एका दमात सांडलं. सगळे एकाच ओळीत, आणि ती ओळ साहेबांची.

मग मला आठवलं. कुठंतरी वाचलेलं, पाठ केलेलं आणि विसरलेलं. ओळीची सुरुवात मोकळ्या जागेनं झाली, तर पोस्टमॅप तिला नवी ओळ मानतच नाही. वरची ओळ लांबली, एवढंच तिला समजतं. थोडं आत घेतलेला माणूस तिच्या लेखी माणूसच नाही, साहेबांच्या नावाचा पुढचा भाग आहे. म्हणून साहेबांचं टपाल सगळ्यांच्या पेटीत, शिवाय सगळ्यांच्या पत्त्यांवर, आणि ते पत्ते न सापडल्याचा गठ्ठा मेव्हण्याला; सगळ्यांच्या नावानं आलेलं टपाल मात्र ‘असा कुणी इथं नाही’ म्हणून परत.

“बाबू,” मी म्हणालो, “आपण सगळ्यांना साहेबांच्या पोटात घातलंय.”

“आपण म्हंजे कोण?” बडे बाबू ताबडतोब म्हणाले.

“मी,” मी म्हणालो. वाद घालायला बॅटरी नव्हती.

टीं टीं आता जवळजवळ यायला लागली होती. एका आज्ञेत मी यादीतल्या सगळ्या ओळी काठाला ओढल्या. परिचर साहेबांच्या बरोबरीनं आला. बडे बाबूंनी नजर दुसरीकडे फिरवली, पण काही बोलले नाहीत. यादी साठवली. मॉनिटर सगळ्यात जास्त वीज खातो, म्हणून तो बंद केला. खोलीत खिडकीतून येईल तेवढाच उजेड राहिला. मी टेलिफोनची तार उचलली आणि मॉडेमच्या भोकाशी नेली.

“अन् नकाशा?” मागून बडे बाबू ओरडले.

“काय?”

“नकाशा नाई काढला तू! लायनी सरकवल्या नुसत्या. मागच्या बारी लायनी सरकवल्यावर म्हणे, थांबा बाबू, आता नकाशा काढतो. तवा मले बसवून ठेवलं होतं तू! आता काऊन नाई?”

त्यांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. आपली कागदावरची बाब अपुरी राहतेय एवढाच त्यांचा संताप होता. पण माझ्या हातातली तार तशीच राहिली. यादी सुधारली होती, खण जुनेच होते. ती तार आत गेली असती, तर मॅडमचं पत्र आलं असतं आणि माझ्याच हातानं परत गेलं असतं, शेवटचं.

मॉनिटर लावायला जीव होईना. अंधारात मी पोस्टमॅप टाइप केलं. एक अक्षर चुकल्यासारखं वाटलं. सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. एंटर. ती गप्पच राहणार होती, झालं तरी. चुकलं असतं तर तक्रार पडद्यावर आली असती, आणि पडदा काळा होता. मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “लावा.”

तार आत गेली. मॉडेमनं नंबर फिरवला. नागपूर एंगेज.

पुन्हा फिरवला. यावेळी तो किंचाळला, खरखरला, आणि शांत झाला. लागला होता. प्राचार्य ज्या आवाजाला इतके महिने शिव्या घालत होते, तो ऐकताना ते दाराची चौकट धरून उभे होते.

“लाव आता थो टीव्ही,” बडे बाबू म्हणाले.

मॉनिटर लावला. तो उजळायला जो वेळ घेतो, तो त्या दिवशी त्यानं जास्तच घेतला. मॅडमच्या पेटीत एक पत्र होतं. साहेबांचं नव्हतं, त्यांचंच होतं, त्यांच्या नावाचं.

मी खुर्चीतून उठलो, त्या बसल्या. पत्र पूर्ण वाचायला गेल्या तर मी म्हणालो, “वाचू नका, होकार लिहा.” त्यांनी दोन ओळी लिहिल्या. घाईत स्वतःच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं. ते खोडायला लागल्या तर बडे बाबू म्हणाले, “राहू दे बाप्पा, राहू दे, पाठव!” पाठवलं. मॉडेमचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. पत्र रांगेतून गेलं का हे बघायची आज्ञा टाइप करायला मी हात पुढे केला आणि यूपीएसनं टीं टीं थांबवून एक लांब, सरळ सूर काढला. मग तोही थांबला. पडदा गेला, दिवा गेला, सगळं गेलं.

बाहेर सायकल स्टँडवर कुणीतरी घंटी वाजवत होतं.

“गेलं?” मॅडमनी विचारलं.

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. आणि खोटं बोलण्याची माझी सवय त्या दिवशी पुरती संपलेली होती. “माहीत नाही,” मी म्हणालो.

आम्ही चौघंही प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसलो, कारण टेलिफोन तिथं होता. मॉडेम मेला होता, म्हणजे लाइन मोकळी होती. तिकडे फोन लावायचं कुणालाच सुचलं नाही, किंवा सुचलं आणि नको वाटलं. प्राचार्यांनी सवयीनं कॅन्टीनला हाक मारली, मग आम्हा तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “चहा. बिनसाखरेचा.” मॅडम घड्याळाकडे बघत नव्हत्या, मुद्दाम, हे सगळ्यांना कळत होतं.

फोन वाजला तेव्हा बडे बाबूंनी झडप घातली.

“हां… हां जी… हां, वोही कॉलेज.” मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. मॅडमनी ओढणी तोंडात धरली होती. “हां जी. है ना, यहीच है. बैठी है सामने.” रिसीव्हरवर हात ठेवून ते मॅडमकडे वळले. “थो विचारून राह्यला, आडनावात एक अक्षर ज्यादा आलं, थ्या तुम्हीच काय?”

मॅडम रडायला लागल्या. बडे बाबू फोनमध्ये म्हणाले, “वोही है, साहब. रो रही है.”

मग त्या मला ओरडल्या. बऱ्याच ओरडल्या, हिंगणीच्या भाषेत, प्राचार्यांसमोर. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यात एक वाक्य असं होतं की तुमच्या त्या स्पेसबारवर खिळा ठोकून ठेवा. मला ती सूचना रास्त वाटली.

काही आठवड्यांनी त्या गेल्या. जाताना गवताच्या कपाटाची किल्ली बडे बाबूंना देऊन गेल्या. त्यांच्या कॉलेजच्या पत्त्यावर अजून पत्रं येत होती, म्हणून मी यादीत त्यांच्या नावापुढे पेटीऐवजी तिकडचा नवा पत्ता लिहायला बसलो, म्हणजे इथं आलेलं तिथं जाईल. बडे बाबू नेहमीप्रमाणे खांद्यावरून वाकून बघत होते. नकाशा बदलला की नवी प्रत फायलीला लागते.

“ही बाई तं गेली ना इथून?”

“गेली.”

“मंग नाव काऊन ठेवलं?”

“टपाल येतं त्यांचं. पुढे पाठवायचं.”

बडे बाबूंनी विचार केला. पडद्यावर साहेबांचं नाव, त्याखाली सगळ्यांची, एकाच काठाला, आणि त्यांत एक नोकरी सोडून गेलेल्या बाईचं. त्यांना ते बघवेना.

“ठेव मंग,” ते म्हणाले. “पण आता थे आपल्या इथची नाई ना. थोडं आत तरी घे.”

आणि शप्पथ सांगतो, माझा अंगठा स्पेसबारवर गेला होता.